काळ्या बोक्याची बखर

टॉम आणि जेरी ही नावं कुणालाही माहीत असतात. तिसरा तो बुलडॉग, स्पाइक, हेही पोरं पटकन सांगतात. चौथं नाव विचारलं की गाडी अडते. आमच्या उज्जैनच्या टावर चौकात उभं राहून विचारून बघा. "तो नाही का, काळा बोका," इथपर्यंत लोक येतात, नावापर्यंत कुणी पोचत नाही. नाव आहे बुच. काळाकुळकुळीत, धिप्पाड, गल्लीत वाढलेला आणि कायम भुकेला. टॉम सहसा तोंडातून शब्द काढत नाही, हा मात्र बऱ्यापैकी बोलतो. पाहुण्यासारखा येतो, घर उलथंपालथं करतो आणि जातो.

अशा दुय्यम बोक्याची बखर कशाला लिहायची, असं कुणी म्हणेल. मला तर वाटतं, एमजीएम या कंपनीच्या कार्टून विभागाची १९४० ते १९५७ ही सतरा वर्षं टॉमपेक्षा बुचवरून जास्त नीट समजतात. टॉम घरात राहतो, बुच घराबाहेर. आणि या मालिकेत उंदीर पकडण्यापेक्षा घरातली जागा टिकवण्याचीच मारामारी जास्त आहे. ती चित्रं काढणाऱ्यांच्या डोक्यावरही पुढे तीच टांगती तलवार आली.

सुरुवातच बघा. १० फेब्रुवारी १९४० ला 'पस गेट्स द बूट' हे कार्टून अमेरिकेत पडद्यावर आलं. त्यात टॉमचं नाव टॉम नव्हतं, जॅस्पर होतं. घरकाम करणारी बाई त्याला तंबी देते, की आणखी एक वस्तू फुटली तर तू घराबाहेर. उंदराला ते कळतं. मग तो मजेत एकेक पेला, एकेक बशी कठड्याच्या टोकाशी नेतो आणि जॅस्पर घामाघूम होऊन त्या झेलत बसतो. उंदीर मांजराला छळतो ही गंमत तर आहेच, पण ती उभी आहे मांजराच्या भीतीवर. मार खाण्याची त्याला सवय असते. हाकलून दिलं जाण्याची नसते.

हे कार्टून केलं विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोन तरुणांनी. श्रेयनामावलीत नाव मात्र फक्त त्यांच्या वरिष्ठाचं, रुडॉल्फ आयझिंगचं. विभागाचे प्रमुख फ्रेड क्विम्बी हे चित्रकार नव्हते, आणि मांजर-उंदराच्या जोडीत काही दम आहे असं त्यांना वाटतही नव्हतं. मग कार्टून चाललं, ऑस्करच्या नामांकनात गेलं, थिएटरवाल्यांकडून आणखी मागणी आली, तेव्हा क्विम्बींचं मत बदललं. नव्या नावांसाठी विभागातच चिठ्ठ्या मागवल्या. जॉन कार या अॅनिमेटरने सुचवलेली 'टॉम आणि जेरी' ही जोडी निवडली गेली आणि त्याला पन्नास डॉलर मिळाले. जगात इतक्या स्वस्तात इतकं महागडं नाव क्वचितच कुणी विकलं असेल.

बुच यायला मात्र तीन-चार वर्षं गेली. २५ डिसेंबर १९४३ ला 'बेबी पस' आलं. एक छोटी मुलगी टॉमला बाहुल्यासारखा नटवते. लंगोट, झबलं, टोपी, तोंडात दुधाची बाटली. सुरुवातीला टॉमला शरम वाटते, मग दूध गोड लागतं आणि तो निवांत पडून राहतो. जेरीला हे बघवत नाही. तो खिडकीतून गल्लीतल्या तिघांना गोळा करतो. काळा बुच, मठ्ठ चेहऱ्याचा मीटहेड आणि एवढासा टॉप्सी. तिघं घरात घुसतात आणि टॉमची यथेच्छ टिंगल करतात. त्याचा लंगोट बदलायचं नाटक करतात, त्यात मासा सोडतात, ब्राझीलचं गाणं म्हणत नाचतात. शेवटी एरंडेलाचा प्रयोग होऊन टॉम खिडकीशी ओकत उभा राहतो, आणि हसणारा जेरीही त्यातून सुटत नाही.

घरात लाड करून घेण्यासाठी टॉमने काय काय मान्य केलं आहे, हे इथे गल्लीतल्या बोक्यांमुळे उघडं पडतं. बुचला दूध मिळत नाही, पण त्याला कुणी झबलंही घालत नाही. शहाण्या लोकांनी यावर निबंध लिहिले असते. हॅना-बार्बेरांनी सात मिनिटांत उरकलं.

ही सात मिनिटं उभी करायला किती खटाटोप लागे, तेही सांगायला हवं. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी जातात, म्हणजे सात मिनिटांना दहा हजारांवर चौकटी. एकेक चित्र बऱ्याचदा दोन चौकटींना वापरलं, तरी प्रत्येक पात्राचं वेगळं चित्र आणि मागची रंगवलेली पार्श्वभूमी हा खर्च होताच. बार्बेरा कथा आणि हावभावांची चित्रं काढत, त्यांचा हात विलक्षण जलद. हॅनांकडे वेळेचा हिशोब. कोणत्या ठोक्याला काठी बसायची आणि ओरडायला किती वेळ द्यायचा, हे ते ठरवत. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी हॅनांच्याच गळ्यातली. केनेथ म्यूज, अर्व्हन स्पेन्स, एड बार्ज, रे पॅटरसन हे अॅनिमेटर पेन्सिलीने हालचाल काढत. मग ती पारदर्शक तावांवर शाईने गिरवली जाई, मागून रंग भरला जाई आणि एकेक चौकट कॅमेऱ्याखाली जाई. स्कॉट ब्रॅडली यावर संगीत बसवत. पाय घसरला तरी वाद्यवृंदात त्याला सूर हवा.

अशा महागड्या मांडणीत दुय्यम पात्राचं काम अगदी व्यवहारी असतं. टॉम आणि जेरी दोघेच रोज तेच करणार असतील, तर सातव्या-आठव्या कार्टूनला प्रेक्षक जांभई देईल. तिसरा कुणीतरी लागतो. कधी कुत्रा, कधी पिल्लू, कधी दुसरा बोका. बुचचा रंग काळा असल्यामुळे टॉमच्या निळसर राखाडीपासून तो लांबूनही वेगळा दिसतो. धुमश्चक्रीत कोण कुणाला मारतंय हे समजायला हा फरक फार कामाचा.

१९४६ साल बुचचं. मार्चअखेर 'स्प्रिंगटाइम फॉर थॉमस' आलं. टॉम टूडल्स या पांढऱ्या मांजरीच्या प्रेमात पडतो आणि जेरीला वाऱ्यावर सोडतो. जेरी मत्सराने पेटून टूडल्सच्या नावाने बुचला प्रेमपत्र धाडतो. बुच येतो आणि पुढची मिनिटं दोन बोक्यांची जुगलबंदी. जूनअखेर 'ट्रॅप हॅपी' आलं, आणि माझ्या मते बुचचं सगळ्यात चांगलं काम त्यात आहे. जेरीपुढे हात टेकलेला टॉम फोन करून उंदीर मारणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावतो. दारात हातात बॅग घेतलेला बुच. गल्लीतला भुरटा एकदम तज्ज्ञ झालेला असतो, आणि त्याचं वागणंही तसंच. घरात पाऊल टाकताच तो मालकासारखा हिंडतो, हत्यारं काढतो, हिशेबी चेहऱ्याने लोहचुंबक लावतो. चुंबकाला लोखंड आणि लोखंडाबरोबर उंदीर, असा त्याचा शास्त्रशुद्ध बेत. दर खेपेला मार बसतो तो टॉमला किंवा त्याला स्वतःला. अखेर बुचची सहनशक्ती संपते. पाटीवरचा 'उंदीर' हा शब्द खोडून तो तिथे 'मांजर' लिहितो आणि टॉमच्याच मागे लागतो. गिऱ्हाइकाचं काम जमत नसेल तर गिऱ्हाइकालाच काम करून टाकायचं, ही धंद्याची रीत आपल्याकडेही अनोळखी नाही.

पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १९४७ ला, 'अ माउस इन द हाउस'. घरातली बाई टॉम आणि बुच दोघांना समोर उभं करून सांगते, की सकाळी या घरात एकच बोका राहील, जो उंदीर पकडेल तो. जागा एक, उमेदवार दोन. आता दोघांना जेरी पकडण्यापेक्षा एकमेकांना पाडण्यात जास्त रस. दोघे एकमेकांच्या पायात पाय घालत राहतात, आणि शेवटी बाईकडून दोघांनाही बाहेरचा रस्ता. टॉमच्या जागेवर डोळा ठेवून दाराशी कुणीतरी उभं आहे, हे इतक्या सरळपणे पुन्हा फारसं कधी सांगितलं गेलं नाही. एक अपवाद म्हणजे १९५२ चं 'पुश-बटन किटी'. त्यात टॉमची जागा घेतो यंत्राचा बोका.

एमजीएममध्येच, शेजारच्या खोलीत, दिग्दर्शक टेक्स अॅव्हरी बसत. त्यांची कार्टून्स जास्त वेडीवाकडी. २२ जानेवारी १९४९ ला त्यांचं 'बॅड लक ब्लॅकी' आलं. बुलडॉग मांजराच्या एका पांढऱ्या पिल्लाला छळत असतो. पिल्लू शिट्टी वाजवतं, एक वेगळाच काळा बोका कुत्र्याला आडवा जातो आणि आकाशातून कुत्र्याच्या डोक्यात कुंडी पडते. मग तिजोरी, मग आणखी मोठं काही. मांजर आडवं गेल्यावर चार पावलं मागे येऊन थुंकणारी माणसं माळव्यातही आहेत आणि कोकणातही. अपशकुन हे हत्यार म्हणून वापरायची ही कल्पना त्यांना सांगायला काही भाषांतर लागत नाही. वॉर्नर कंपनीत त्याच सुमारास चक जोन्स यांनी क्लॉड नावाचा पिवळा, घाबरट बोका उभा केला. 'माउस रेकर्स' मध्ये ह्यूबी आणि बर्टी हे दोन उंदीर त्याला वेड लागायची पाळी आणतात. तोही दुय्यमच राहिला. पण क्लॉड स्वतःच्या मनाला घाबरतो, बुचला असल्या चैनीला फुरसत नाही.

'हेवनली पस' मध्ये (जुलै १९४९) बुच मेलेला दिसतो. टॉम पियानोखाली चिरडून स्वर्गाच्या स्टेशनावर पोचतो, तिथे बोक्यांची रांग आहे. बुचला कुत्र्याशी भांडण नडलेलं असतं. रांगेच्या शेवटी ओली, टपटपणारी पिशवी येते आणि तीतून मांजराची पिल्लं बाहेर पडतात. मुलांच्या कार्टूनात ही चौकट कशी काय खपून गेली, याचं मला अजूनही नवल वाटतं. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत मात्र बुच ठणठणीत असतो. 'सॅटर्डे ईव्हनिंग पस' मध्ये बाई पत्त्यांच्या क्लबात गेल्यावर टॉम खिडकीतून इशारा करतो आणि बुच, टॉप्सी आणि लाइटनिंग हे दोस्त बोके घरात जॅझची मैफल मांडतात. जेरीला झोप हवी असते, त्याला ती मिळत नाही.

ती बाई म्हणजे मॅमी टू शूज. कायम पाय आणि झग्यापुरतीच दिसणारी काळी मोलकरीण, आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. 'सॅटर्डे ईव्हनिंग पस'मध्ये धावताना क्षणभर तिचा चेहराही दिसून जातो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संघटनेने अशा साच्यातल्या पात्रांना विरोध केला, आणि १९५२ नंतर ती मालिकेतून गेली. पुढे टीव्हीसाठी काही जुन्या कार्टून्समध्ये तिच्या जागी गोरी मुलगी रंगवली गेली. विरोध रास्त होता. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. ती गेल्यावर घरातली सत्ता कुणाची, हे धूसर झालं. बोक्यांना हाकलणारा हातच उरला नाही, त्यामुळे बुचच्या येण्यातली धारही बोथट झाली.

या दशकात टॉम अँड जेरीने सात ऑस्कर मिळवले. पहिला १९४३ च्या 'यांकी डूडल माउस'ला, शेवटचा १९५२ च्या 'योहान माउस'ला. ट्रॉफ्या निर्माता म्हणून क्विम्बींच्या हाती गेल्या. सातांपैकी एकाही कार्टूनात बुच नाही.

तेवढ्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं, हे बघितलं तर वेगळीच गोष्ट दिसते. आपली सुरुवात मागे नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' करून काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर हलवून दाखवल्या होत्या, जॅस्परच्या पंचवीस वर्षं आधी. फ्रान्सच्या एमिल कोलने काड्यांचा असाच खेळ १९०८ मध्ये केला होता. पुण्यात प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबू काका' हे कार्टून केलं, ते रघुनाथ केळकरांचं. त्यातला नायक कोल्हा. म्हणजे विनोदी जनावर मराठी कंपनीच्या पडद्यावर टॉमच्या सहा वर्षं आधी चालून गेलं होतं. पण ते एकटंच चाललं. मालिका झाली नाही, म्हणून सोबती लागले नाहीत, आणि सोबती नाहीत तिथे दुय्यम बोका कुठून येणार? त्यासाठी महिन्यामागून महिने पगार देणारा स्टुडिओ लागतो. बोलपटांच्या त्या काळात आपल्या कंपन्यांना बोलपटच निभत नव्हते.

मुंबईत मेट्रो थिएटर १९३८ साली उघडलं, ते एमजीएमचं स्वतःचं. त्यामुळे शहरी मराठी प्रेक्षकाला या मंडळींची ओळख बरीच लवकर झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये मुंबईत कार्टून विभाग काढला. डिस्नेकडे 'बांबी'वर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' निघालं. जी. के. गोखले, राम मोहन ही मंडळी तिथे घडली. काम उत्तम झालं, पण सरकारी कार्टूनला सांगायचं असे कुटुंबनियोजन, आरोग्य, बचत. गल्लीतल्या बेकार बोक्याला मंजुरी देणारी फाईल कुणी फिरवली नसती. विजया मुळे यांच्या १९७४ च्या 'एक अनेक और एकता'मध्येही, ज्याला वसंत देसाईंचं संगीत आणि लहानग्या साधना सरगमचा आवाज आहे, उंदीर आहेत. पारध्याचं जाळं कुरतडणारे. मांजर मात्र नाही. एकतेच्या गोष्टीत त्याला जागा नव्हती.

आता परत कॅलिफोर्नियात. पन्नासच्या दशकात घराघरात टीव्ही आला, थिएटरं ओस पडू लागली, कार्टूनसाठी पैसे सुटेनात. १९५४ च्या 'बेबी बुच'मध्ये बुच पुन्हा कचऱ्याच्या डब्यात तोंड घालून बसलेला. हाती लागतो माशाचा काटा. मग तो लंगोट बांधून, अनाथ बाळ होऊन टॉमच्या दाराशी जाऊन पडतो. दहा वर्षांपूर्वी ज्या झबल्यावरून तो टॉमची टिंगल करत होता, तेच झबलं आता त्याच्या अंगावर. लेखकांनी हे मुद्दाम जुळवलं की ते आपोआप जुळलं, देव जाणे. पुढच्या वर्षीच्या 'स्मार्टी कॅट'मध्ये टॉमचे दोस्त घरी जमून त्याच्या जुन्या पराक्रमांची फिल्म बघतात. म्हणजे जुन्याच कार्टून्सचे तुकडे. पैसे वाचवायची ती युक्ती. त्याच सुमारास क्विम्बी निवृत्त झाले आणि विभाग हॅना-बार्बेरांकडे आला.

१६ नोव्हेंबर १९५६ चं 'ब्लू कॅट ब्लूज' हे बुचचं शेवटचं मोठं काम, आणि मालिकेतलं सगळ्यात खिन्न कार्टून. सुरुवातीलाच टॉम रेल्वेच्या रुळावर बसलेला दिसतो. जेरी पुलावरून गोष्ट सांगतो, या वेळी त्याला माणसाचा आवाज आहे, पॉल फ्रीज यांचा. टॉम एका पांढऱ्या मांजरीवर जीव टाकतो. त्याच वेळी बुच तिच्यामागे लागतो, आणि या खेपेला बुच कोट्यधीश आहे. टॉम एक फूल नेतो, बुचकडून फुलांचा डोंगर येतो. टॉम गल्ला फोडून अत्तराची कुपी घेतो, बुचच्या नावे अत्तराचा टँकर येऊन उभा राहतो. टॉमच्या अंगठीतला हिरा बघायला भिंग लागतं. बुचच्या अंगठीतला हिरा इतका लखलखतो की वेल्डिंगवाल्यासारखा मुखवटा चढवल्याशिवाय बघता येत नाही. मग टॉम आयुष्य गहाण टाकणारा करार करून खटारा गाडी आणतो. बुचची लांबलचक गाडी ती चिरडून पुढे जाते. लग्न होतं ते बुचशी.

गल्लीतला बोका अखेर घरात गेला, आणि घरातला बोका रस्त्यावर आला. जागांची अदलाबदल पुरी झाली. जेरी सांगत असतो, आपली प्रेयसी तशी नाही, आणि तेवढ्यात तीही दुसऱ्या उंदराबरोबर लग्न करून गाडीतून जाते. जेरीही येऊन रुळावर बसतो. गाडीची शिट्टी ऐकू येते आणि चित्र संपतं. एवढ्या काळ्याकुट्ट शेवटाचं काम करणाऱ्यांना आपलंही काही खरं नाही हे कळलं होतं का? मला तरी तसं वाटतं.

कारण सहा-आठ महिन्यांत तेच झालं. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला. जुनी कार्टून्स परत दाखवली तरी नव्याच्या कमाईच्या नव्वद टक्के पैसे येतात, असा हिशोब कुणीतरी मांडला होता, असं पुढे बार्बेरांनी सांगितलं. हिशोब बरोबर होता आणि माणसं बाहेर पडली. सात ऑस्कर, सतरा वर्षं, ११४ कार्टून्स. एका फोनवर निकाल. साठवलेली काही नवी कार्टून्स पुढे येत राहिली, शेवटचं 'टॉट वॉचर्स' १ ऑगस्ट १९५८ ला. पैकी १९५७ च्या 'स्कॅट कॅट्स'मध्ये बुच, लाइटनिंग आणि मीटहेड पुन्हा एकदा दुसऱ्याच्या घरात शिरायचा प्रयत्न करतात. त्यांना अडवायला या वेळी टॉमही नाही, नुसता स्पाइक आणि त्याचं पिल्लू.

हॅना आणि बार्बेरांनी लगेच स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळले. आधी सात मिनिटांना चाळीस-पन्नास हजार डॉलर मिळत, आता पाच मिनिटांना जेमतेम तीन हजार. मग चित्रं कमी, हालचाल कमी, बडबड जास्त. पात्राचं डोकं हलवायचं, अंग तसंच ठेवायचं. त्यांच्या पहिल्या मालिकेत एक बोका आणि एक कुत्रा होते, 'रफ अँड रेडी'. आणि २७ सप्टेंबर १९६१ ला आलेल्या 'टॉप कॅट'मध्ये तर सगळा मामलाच गल्लीतला. कचऱ्याच्या डब्यात राहणारा टोळीप्रमुख बोका आणि त्याला हुसकावणारा शिपाई डिबल. फक्त तीस भाग निघाले. टॉप कॅट म्हणजे बुचचाच सुधारलेला अवतार, असं कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही, पण मला ते उघड दिसतं. बुचच्या डोळ्यांपुढे घर होतं, ज्यात त्याला जायचं होतं. टॉप कॅटने घराचा नाद सोडला आणि डब्यालाच बंगला म्हटलं.

टॉम अँड जेरी नंतर प्राग येथे जीन डाइच यांनी केली, मग चक जोन्स यांनी. तिकडे बुच फारसा राहिला नाही. १९८६ मध्ये टेड टर्नरने एमजीएमचा जुना साठा घेतला, १९९२ ला अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू केलं, आणि १ मे १९९५ ला ते आपल्याकडे आलं. उज्जैनसारख्या गावात बहुतेकांच्या घरी हा बोका पोचला तो या केबलच्या तारेवरून. माधवराव शिंद्यांच्या नावाचं माधवनगर, म्हणजे आपलं फ्रीगंज, तिथली मराठी घरं बरीच जुनी. आजोबांच्या बोलण्यात अजून सरदार आणि कारभारी येत, आणि नातवंडं १९४६ ची कार्टून्स १९९६ मध्ये ताजी म्हणून बघत. भाषा लागतच नव्हती. आजीने विचारलं, "हा काळा कोण रे?" तर नातू म्हणे, "गली का है." माळव्यातलं मराठी असंच चालतं.

आज टावर चौकात संध्याकाळी फुगेवाला उभा असतो. त्याच्या काठीवर हल्ली जपानचा निळा डोरेमॉन सगळ्यात जास्त, म्हणजे बोकाच. टॉम कधीमधी. बुचचा फुगा कुणी काढलेला मी तरी पाहिला नाही, आणि काळा फुगा पोरांनी घेतलाही नसता.

मुलांना ही कार्टून्स दाखवणार असाल तर 'ट्रॅप हॅपी'पासून सुरुवात करा, आणि मग 'अ माउस इन द हाउस' लावा. 'ब्लू कॅट ब्लूज' मात्र पोरं झोपल्यावर स्वतः बघा. ते मोठ्यांसाठी आहे.